आमच्या घरीही हेच इंजेक्शन

जालन्यात औषधाच्या दुकानाला सगळे मेडिकल म्हणतात आणि ते चालवणाऱ्याला मेडिकलवाले. माझं अर्धं आयुष्य या नावाने गेलं. या दिवाळी अंकासाठी संपादकांनी गिऱ्हाइकांचे गमतीदार अनुभव मागितले होते, आणि ते माझ्याकडे पुष्कळ आहेत. खोकल्याच्या औषधाची चव आवडली म्हणून खोकला नसताना बाटली मागणारे एक गृहस्थ आहेत. डोळ्यांत घालायचे थेंब बायकोच्या कानात घालून, फरक का पडत नाही म्हणून भांडायला आलेले एक वकील आहेत. पण यंदा ते लिहायला बसलो की हात थांबतो. माझी पत्नी सुनंदा याच वर्षी कर्करोगाने गेली, आणि तेव्हापासून दुकानाची कोणतीही गोष्ट सांगायला घेतली की ती तिच्याशीच येऊन थांबते. म्हणून तीच लिहितो.

आधी थोडं धंद्याचं सांगायला हवं. तापाची गोळी रसायनांपासून बनते. तिची कृती ठरलेली असते आणि दुसऱ्या कंपनीला हुबेहूब तीच गोळी बनवता येते. काही औषधं मात्र कारखान्यात जिवंत पेशी वाढवून त्यांच्याकडून तयार करून घ्यावी लागतात. इन्सुलिन त्यातलंच, सांधेवाताची काही इंजेक्शनं त्यातली, कर्करोगाचीही. मूळ कंपनीचा हक्क संपला की दुसऱ्या कंपन्या तसंच औषध बनवतात. त्याला बायोसिमिलर म्हणतात. ते मूळ औषधाइतकंच काम करतं आणि त्याहून जास्त अपाय करत नाही, हे तपासण्या करून दाखवावं लागतं, तेव्हा ते बाजारात येतं. किंमत बरीच खाली असते. मी लोकांना दह्याचं उदाहरण देतो. एकाच विरजणाचं दही दोन घरांत लावलं तर ते तंतोतंत एक होत नाही, पण दोन्हीकडे दहीच होतं, आणि कढी दोन्हींची होते.

चिठ्ठीवरचं नाव मला परस्पर बदलता येत नाही, बदलूही नये. मी रुग्णाला समजावतो, डॉक्टरांना फोन करतो, त्यांना पटलं तर ते नवीन चिठ्ठी देतात. सोपं वाटतं. पण आमचा जिल्हा बियाण्यांचा आहे. पिशवी तीच, छाप तोच, आणि रानात काहीच उगवलं नाही, हे ज्याने एकदा पाहिलं त्याच्यासमोर ‘तसंच आहे’ हे दोन शब्द उच्चारायची सोय नाही. तो म्हणतो, डुप्लिकेट हाय म्हणा ना सरळ.

पिंपळगाव रेणुकाईचा एक माणूस आईच्या सांधेवाताचं इंजेक्शन नेत असे. डॉक्टरांनी ते बदलून स्वस्तातलं लिहून दिलं तेव्हा त्याने माझ्याकडे जुन्या इंजेक्शनाचं रिकामं खोकं मागितलं. नवीन औषध जुन्या खोक्यात घालून नेणार होता, म्हणजे म्हातारीला कळणार नाही. मी नाही म्हणालो. महागड्या औषधांची रिकामी खोकी आणि कुप्या मी फाडून-फोडून टाकतो, कारण त्यांच्यात भलतंच काही भरून विकणारे लोक असतात. तो म्हणाला, ‘‘काका, रद्दीवाल्याला देता अन् मला न्हाई?’’ पुढच्या खेपेला म्हातारी स्वतःच आली. काठी काउंटरला टेकवली आणि तिने मला तो प्रश्न विचारला, जो आमच्या धंद्यात रोज कुणी ना कुणी विचारतं. तुमच्या घरात कोणाला असतं तर कोणतं दिलं असतं?

या प्रश्नाला कागद दाखवून उत्तर देता येत नाही. तपासण्या परदेशातल्या, माणसं अनोळखी. विचारणाऱ्याला माझ्या घरातलं माणूस हवं असतं. आणि माझ्याकडे ते होतं. मी सांगितलं, माझ्या बायकोचंही इंजेक्शन असंच बदललेलं आहे, ती बघा, आत खुर्चीवर बसली आहे.

सुनंदाला स्तनाचा कर्करोग निघाला तो उशिरा निघाला. यकृतात आणि मणक्यात पोहोचला होता. तिच्या गाठीवर एक विशिष्ट प्रथिन जास्त होतं, आणि ते अडवणारं एक इंजेक्शन आहे. ते दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं असतं. आजार जागच्या जागी सापडला तर ऑपरेशननंतर ते साधारण वर्षभर देतात आणि थांबवतात. पसरलेला असेल तर मात्र उपयोग होतो आहे तोवर देतच राहतात. सुरुवातीचे डोस आम्ही मूळ कंपनीचे दिले. पुढे ते झेपणार नाहीत हे दिसत होतं, आणि संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बदल सुचवला. गावाला दही शिकवणारा मी, घरी मात्र किती दिवस त्या तपासण्यांचा तोच कागद पुन्हा पुन्हा वाचत बसलो होतो. शेवटी तिनेच विचारलं, काय वाचताय एवढं? मी दह्याचं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘आणि आंबट निघालं तर?’’

आंबट निघालं नाही. स्कॅनमधले डाग लहान झाले. केमोत गेलेले केस परत आले, कुरळे आले, ती त्यांना माझे नवे केस म्हणायची. शाळेतली नोकरी तिने सोडली होती, म्हणून दुपारी दुकानात येऊन बसू लागली. तिने मला एकच अट घातली होती. आजार पसरलेला आहे हे कोणाला सांगायचं नाही. माहेरी तर नाहीच. ‘‘आपल्याकडे चौथी स्टेज म्हटलं की माणसं जिवंतपणीच भेटायला येतात. चहा करून करून मरेन मी.’’ मी अट पाळली. लोकांनी तिला बघितलं, हसताना, हिशेबाच्या चुका काढताना, आणि ती बरी झाली असं समजले. त्या इंजेक्शनवर आलेल्या बायका तिच्याशी बोलत बसत. डोक्याला रुमाल कसा बांधायचा, तोंड आल्यावर काय खायचं, नवऱ्याला काय सांगायचं आणि काय नाही, हे सगळं तिथे चाले. मी औषध विकायचो. बदलाची भीती काढायची ती.

तीर्थपुरीची नसरीन अशीच आली. वय पस्तिशीच्या आतबाहेर. तिचा नवरा युनूसभाई गाद्या-रजया भरतो. नसरीनची गाठ लवकर सापडली होती, ऑपरेशन झालं होतं, आणि तेच इंजेक्शन वर्षभर घ्यायचं होतं. पहिले डोस त्यांनी मूळ कंपनीचे घेतले, मग डॉक्टरांनी माझं नाव सांगून पाठवलं. युनूसभाई उभ्यानेच बोलत होते. म्हणाले, ‘‘काका, आमी गादी देतो तर पाच सालाची गॅरंटी देतो. कापूस गोळा झाला तर परत आना, फिरून भरून देतो. तुमच्या या औषधाची गॅरंटी कोण?’’

मी दह्याकडे वळणार तोच आतून सुनंदा म्हणाली, ‘‘मी.’’

ते तिच्याकडे बघत राहिले. मग टोपी काढून हसले आणि बसले. त्या दिवसापासून नसरीनची कुपी माझ्याकडून जाऊ लागली, थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये. जाताना ती सुनंदाशी बोलत बसायची. युनूसभाई बसची वेळ झाली म्हणून बाहेरून खाकरायचे.

मागच्या हिवाळ्यात सुनंदाचं औषध काम करेनासं झालं. असं होतं. मूळ कंपनीचं असो की दुसरं, काही काळाने पेशी वाट काढतात. डॉक्टरांनी औषध बदललं, मग पुन्हा बदललं. ती दुकानात यायची बंद झाली. विचारणाऱ्यांना मी तिची कंबर धरली आहे म्हणून सांगत होतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गेली.

भेटायला माणसं येत होती. सतरंजीवर बसत, मग विचारत, शेवटी त्रास झाला का? आणि मी सांगत होतो, नाही, शांत गेली. हे वाक्य सगळीकडे असंच सांगतात. समोरच्यालाही तेच ऐकायचं असतं. मी ते तिच्या भावालाही सांगितलं. भाऊ म्हणजे दिलीप, आष्टीजवळच्या शाळेत मुख्याध्यापक. बहिणीपेक्षा बराच लहान, तिने कडेवर वाढवलेला. त्याला मी म्हणालो, झोपेतच गेली.

आल्या-गेल्यांत तिच्या बायकाही होत्या, दुकानातल्या. त्या फोटोकडे बघत आणि मग माझ्याकडे. औषधाचं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आम्हा बौद्धांमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. वंदना होते, भन्तेजी दोन शब्द सांगतात, आणि मग आप्तेष्ट उठून गेलेल्या माणसाविषयी बोलतात. मांडव भरला होता. नसरीन आणि युनूसभाई मागे बसले होते, तीर्थपुरीहून खास आले होते. दिलीप बोलायला उभा राहिला. ताईने शिकवलं, ताईने फी भरली, असं सांगत गेला. मग म्हणाला, ‘‘माझ्या ताईला स्वस्तातलं औषध दिलं गेलं. मला कोणी विचारलं असतं तर मी शेत विकून भारीतलं आणलं असतं. ती आज आपल्यात असती.’’

तो खाली बसला आणि रडला. आजार पसरलेला होता हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या हिशेबाने बहीण बरी झाली होती आणि मग एकाएकी गेली. भर कार्यक्रमात, तिच्या फोटोपुढे, तिने मला जे बोलू नका म्हणून सांगितलं होतं ते मी कसं बोलणार? पुढचा माणूस बोलायला उभा राहिला. मी मागे पाहिलं तेव्हा युनूसभाई चपला शोधत होते.

दुकान उघडल्यावर काय झालं ते थोडक्यात सांगतो. पिंपळगावची म्हातारी येईनाशी झाली. तिचं इंजेक्शन वेगळं, आजार वेगळा, पण बदललेलं या एका शब्दात सगळं आलं. आणखी काही जण गेले. काही शहरात मूळ औषध घ्यायला गेले असतील, त्यांचं चांगलंच होवो. मला नसरीनची काळजी होती. तिचा डोस चुकला. मी फोन केला तर युनूसभाई म्हणाले की संभाजीनगरहून असली, म्हणजे मूळ कंपनीचं, इंजेक्शन आणून दिलं. बरं वाटलं. पुढचा डोस आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. फोन केला की ते म्हणत, सोय करून राह्यलो; कुठून, ते सांगत नसत.

मग माझ्या ध्यानात आलं की तिला आता काहीच मिळत नाही. मूळ औषध परवडत नव्हतं, आणि दुसऱ्यावर विश्वास उरला नव्हता, म्हणून हात रिकामाच. तिचा आजार बरा होण्यासारखा होता. वर्ष पूर्ण झालं असतं तर परत न येण्याची शक्यता चांगली होती. अर्ध्यात सोडल्यावर काय होईल हे सांगता येत नव्हतं.

मी डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, एवढा खंड पडला म्हणजे आता पहिल्यासारखा मोठा डोस देऊन पुन्हा सुरुवात करावी लागेल, त्याआधी हृदयाची तपासणी, पण आणा तिला. त्यांनी चिठ्ठी पाठवली. मी डबा भरला आणि अंबडमार्गे तीर्थपुरीची बस धरली. सबंध रस्ताभर डबा मांडीवर होता आणि मी सुनंदाशी मनातल्या मनात भांडत होतो. तिची अट मला मोडायची होती.

युनूसभाईंचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. कापूस पिंजायचं यंत्र बंद करून त्यांनी मला ढिगाशेजारी जागा करून दिली. दाढीत कापूस होता. चहा आला. डब्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

‘‘तुमी आले, मेहरबानी झाली काका. पण ते औषध आता न्हाई. असली भेटलं की देऊ.’’

मी सगळं सांगितलं. सुनंदाचा आजार पहिल्याच दिवशी यकृतात होता, मणक्यात होता. बरं होणं तिच्या वाट्याला नव्हतंच. या इंजेक्शनने तिला काही वर्षं दिली, महागडं दिलं असतं तरी तेवढीच मिळाली असती. नसरीनचं तसं नाही. बोलताना माझा आवाज दुकानातल्या आवाजासारखा झाला होता, मला ऐकू येत होता.

युनूसभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘मंग तवा का न्हाई बोलले? काकू म्हनल्या, मी गॅरंटी. तुमी बाजूलाच उभे होते.’’

माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते नवरा-बायकोतलं होतं.

‘‘माल पडून राह्यला म्हनून आज बोलून राह्यले, असं मी बिलकुल म्हनत न्हाई,’’ ते पुढे म्हणाले. ‘‘पन लोक म्हनतील.’’

मधल्या दाराला पडदा होता. तो बाजूला करून नसरीन आली. वाळली होती. दारातच बसली आणि नवऱ्याला म्हणाली, ‘‘मला माहीत होतं.’’

‘‘काय माहीत होतं?’’

‘‘काकूचं. माझं सालभराचं, अन् त्यांचं काही संपतच नव्हतं. मंग एक दिवस मी विचारलं. त्या म्हनल्या, तुझं येगळं हाय, तू बरी होशील. माझं फक्त लांबवायचं हाय. अन् काकांना सांगू नको म्हनल्या, मी तुला बोलले म्हनून.’’

मला हे नवीन होतं. युनूसभाई तिच्याकडे वळून म्हणाले, मला कधी बोलली न्हाईस. ती म्हणाली, ‘‘बोलले असते तर तुमी म्हनले असते, मेडिकलवाल्यांनी पढवून पाठवली.’’

खरंच होतं ते.

नसरीनने पदर सारखा केला आणि मला विचारलं, ‘‘काका, काकूला शेवटी त्रास झाला का?’’

ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. इतक्यांदा बोललो होतो की विचार करायची गरज नव्हती. पण समोर जी बसली होती तिला सुनंदाने खरं सांगितलं होतं, मला चोरून. तिला मी दुसरं काय सांगणार?

‘‘झाला,’’ मी म्हणालो. ‘‘खूप झाला. तिला आडवं होता येत नव्हतं, श्वास लागायचा. भिंतीला टेकवून बसवायचो. दुखायचं थांबवणारं जे जे मिळतं ते सगळं दिलं, पुरलं नाही. शेवटी मला ओळखत नव्हती. आईला हाका मारत होती.’’

‘‘काकूचे भाऊ, ते गुरुजी, तर मांडवात म्हनले, झोपेत गेल्या.’’

‘‘त्याला मीच तसं सांगितलं.’’

यंत्रावरचा कापूस पंख्याने हलत होता. युनूसभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नसरीन रडली, आवाज न करता, आणि पदराने तोंड पुसून तिने विचारलं की सुरुवातीपासून घ्यायचं म्हणजे आतापर्यंतचं वाया गेलं का. मी म्हणालो, ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही. हृदयाची तपासणी आधी होईल, मग मोठा डोस, मग पुन्हा दर तीन आठवड्यांनी. ती म्हणाली, मंग सोमवारी जाऊ.

युनूसभाई उठले. डबा उचलून हातात तोलला. ‘‘याला सोमवारपर्यंत कुठं ठेवू? आमचं फ्रिज बंद पडलं, शेजाऱ्यांकडं हाय.’’

‘‘चालेल. बर्फाच्या कप्प्यात नको. खाली ठेवायला सांगा.’’

‘‘खाली,’’ ते म्हणाले. पायरीशी थांबले आणि मागे न बघता बोलले, ‘‘माझा भरोसा न्हाई बसला काका. हिचा बसला. म्हनून नेऊन राह्यलो.’’

नसरीनचा कोर्स पुन्हा सुरू झाला आणि सुरू आहे. ती येते, कुपी घेते, बसची वेळ होईपर्यंत थांबते. आम्ही फारसं बोलत नाही. मधल्या खंडाने काय केलं हे पुढच्या तपासणीत थोडं कळेल, पूर्ण कधीच कळणार नाही.

पिंपळगावची म्हातारी परत आली नाही. तिच्या मुलाला मी बाजारात पाहिलं, आई आता अंथरुणावरच असते म्हणाला. मी त्यालाही सुनंदाचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, तसं असंल काका, पण तिचा भाऊच बोलला ना.

दिलीप हा अंक दरवर्षी विकत घेतो. ताई घ्यायची म्हणून घेतो. लेख संपादकांकडे उद्या जाईल, अंक निघायला अजून वेळ आहे. त्याने हे वाचण्याआधी मला आष्टीला जाऊन ती कशी गेली ते त्याच्या समोर बसून सांगायचं आहे. गाडी सकाळची आहे.